१८. चेटकिणीच्या हाती भिंग

१८.१ प्रस्तावना

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतील चेटकीण तुम्हाला आठवत असेल. वाकडे नाक, पिंजारलेले केस, उलटे पाय आणि ओठांवर मंत्र असे तिचे रूप असे. तिचे नाव काढले, की मुले अंथरुणात अंग चोरून घेत. गेल्या काही दशकांत इंग्रजी लोकप्रिय साहित्यात मात्र या चेटकिणीने नवे रूप धारण केले आहे. ती गावात एखादे दुकान चालवते, मांजर पाळते, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी होते. आणि गावात खून झाला, तर खरा गुन्हेगार शोधून काढते. वाचक तिला भीत नाहीत. ते तिच्यासोबत हसतात.

हा बदल वरवर पाहता केवळ करमणुकीचा वाटेल. परंतु 'चेटकीण' या शब्दाने एके काळी निरपराध माणसांना फासावर नेले आहे, आणि आपल्या देशात काही ठिकाणी आजही या शब्दामुळे स्त्रियांचा छळ होतो. अशा शब्दाभोवती विनोदी कथा कशी उभी राहते? ती वाचकांना का आवडते? आणि ती वाचताना हसणे योग्य आहे का? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही पुढील गोष्टी करू शकाल :

• 'उबदार रहस्यकथा' या साहित्यप्रकाराची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• विनोदनिर्मितीचे प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• रहस्यकथेतील पुराव्याचे महत्त्व विशद करू शकाल;
• साहित्यातील चेटकीण आणि समाजात चेटकीण ठरवली गेलेली स्त्री यांतील संबंध व भेद समजून घेऊ शकाल;
• वाक्प्रचारांचा अर्थ जाणून वाक्यात उपयोग करू शकाल.

१८.३ मूळ पाठ

भाग १ : खून आणि ऊब

इंग्रजीत 'कोझी' या शब्दाचा अर्थ उबदार, सुखावह असा आहे. किटलीतील चहा गरम राहावा म्हणून तिच्यावर जी लोकरी टोपी घालतात, तिलाही इंग्रजीत 'कोझी'च म्हणतात. रहस्यकथेच्या एका शाखेला 'कोझी मिस्ट्री' असे नाव आहे. मराठीत तिला 'उबदार रहस्यकथा' म्हणता येईल. खून आणि ऊब हे दोन शब्द एकत्र यावेत, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. या विसंगतीतच या कथांचे मर्म आहे.

मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक परिचयाचे आहेत. त्यांच्या कथांत साहस असते, पाठलाग असतो, पावलोपावली धोका असतो. उबदार रहस्यकथेचा थाट निराळा. येथे लहानसे गाव असते. तेथे सर्व जण सर्वांना ओळखतात. शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसून बहुधा एक सामान्य स्त्री असते. तिचे बेकरीचे, पुस्तकांचे किंवा लोकरीचे दुकान असते. खून पडद्याआड होतो. रक्तपाताची वर्णने टाळलेली असतात. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. वाचकाला हा शेवट आधीच ठाऊक असतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो ही कथा हाती घेतो. दिवसभराच्या श्रमांनंतर त्याला असे जग हवे असते, की जेथे अन्याय घडला तरी त्याचा सोक्षमोक्ष लागतो.

या परंपरेच्या उगमापाशी अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची मिस मार्पल उभी आहे. ती १९२७ साली एका लघुकथेतून वाचकांसमोर आली आणि १९३० साली प्रसिद्ध झालेल्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' या कादंबरीने तिची ओळख पक्की केली. सेंट मेरी मीड नावाच्या कल्पित खेड्यात राहणारी ही अविवाहित वृद्धा विणकाम करते, बागेची निगा राखते आणि खिडकीतून रस्त्यावरची ये-जा न्याहाळते. गावात कोण कोणाकडे गेले, कोणाचे कोणाशी बिनसले, हे तिला नेमके ठाऊक असते. लोक तिला भोचक म्हणतात. पण पोलिसांना न उलगडलेला गुंता तीच सोडवते, कारण माणसांचे स्वभाव तिने जन्मभर पाहिलेले असतात.

मिस मार्पलचे हे वर्णन नीट ध्यानात ठेवा. वृद्ध, एकटी राहणारी, सर्वांची खबर ठेवणारी आणि इतरांना न दिसणारे पाहणारी स्त्री. लेखाच्या पुढील भागात या वर्णनाची तुम्हाला पुन्हा आठवण होईल.

पाठगत प्रश्न १८.१

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. उबदार रहस्यकथेत शोध घेणारी व्यक्ती बहुधा कोण असते?
(क) पोलीस अधिकारी (ख) सामान्य स्त्री (ग) वकील (घ) गुप्तहेर
२. मिस मार्पल कोठे राहते?
(क) लंडन (ख) ऑक्सफर्ड (ग) सेंट मेरी मीड (घ) सेलम

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. उबदार रहस्यकथेचा शेवट ठाऊक असूनही वाचक ती का वाचतो?

भाग २ : चेटकीण दुकान मांडते

चेटकिणीला घरात आणून बसवण्याचे मोठे काम दूरचित्रवाणीने केले. 'बीविच्ड' ही विनोदी मालिका अमेरिकेत १९६४ ते १९७२ या काळात प्रसारित झाली. तिच्यात रहस्य नव्हते, तर संसार होता. नायिका समँथा चेटकीण असते आणि जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या साध्यासुध्या तरुणाशी लग्न करते. जादू वापरायची नाही, अशी पतीची इच्छा; ती पाळायची, असा समँथाचा मनोनिग्रह; आणि जावयाचा पदोपदी उपहास करणारी, स्वतःही चेटकीण असलेली सासू. एवढ्या सामग्रीवर ही मालिका आठ वर्षे चालली. मालिकेच्या पहिल्याच वर्षातील एका भागात जाहिरातीसाठी कुरूप चेटकिणीचे चित्र हवे असते. ते पाहून समँथा दुखावते. आपल्याला नेहमी असेच का रंगवतात, हा तिचा प्रश्न असतो. प्रेक्षक हसता हसता त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबला असेल.

पुढे उबदार रहस्यकथेने चेटकिणीला आपलेसे केले. मॅडेलिन आल्ट यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ट्रबल विथ मॅजिक' या कादंबरीत इंडियाना राज्यातील एक छोटे गाव आहे. तेथील जुन्या वस्तूंच्या दुकानाची मालकीण स्वतःला चेटकीण म्हणवते. तिच्या बहिणीचा खून होतो आणि गावाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते ती मालकिणीविषयीच. ज्युलिएट ब्लॅकवेल यांच्या २००९ सालच्या 'सेकंडहँड स्पिरिट्स' या कादंबरीची नायिका लिली सॅन फ्रान्सिस्को शहरात जुन्या पोशाखांचे दुकान उघडते. कपड्याला हात लावताच तो पूर्वी वापरणाऱ्या व्यक्तीच्या भावनांची स्पंदने तिला जाणवतात. आपल्या मूळ गावात तिला तिच्या शक्तीमुळे परकेपणा सोसावा लागलेला असतो. नव्या शहरात तिला हवे असते ते फक्त एक घर आणि चार मित्र.

नॅन्सी वॉरेन यांच्या २०१८ सालच्या 'द व्हॅम्पायर निटिंग क्लब' या कादंबरीत तर विनोदाला उधाण आलेले आहे. लुसी ही तरुणी ऑक्सफर्डला आजीच्या लोकरीच्या दुकानात येते. तेथे तिला समजते, की आजी आता मनुष्ययोनीत राहिलेली नाही. ती रक्तपिपासू व्हॅम्पायर झाली आहे. दुकानात रात्री आणखी काही व्हॅम्पायर जमतात. ते कशासाठी जमतात? विणकामासाठी. शतकानुशतके जगल्यामुळे त्यांचा हात या कलेत चांगलाच बसला आहे. लुसीच्या अंगी चेटकिणीची शक्ती आहे. पण लोकरीच्या दुकानाच्या या नव्या मालकिणीला विणता मात्र धड येत नाही.

या कथांतील विनोद कसा निर्माण होतो, हे पाहणे उद्बोधक आहे. मराठी साहित्यविचारात विनोदाचे सामान्यतः तीन प्रकार सांगितले जातात : प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ आणि शब्दनिष्ठ. रक्तपिपासू व्यक्ती चष्मा सावरत स्वेटर विणू लागते, तेव्हा प्रसंगनिष्ठ विनोद साधतो. भयंकर गोष्ट अचानक घरगुती होते आणि भीतीची जागा हसू घेते. जावयाला पाण्यात पाहणारी सासू ही स्वभावनिष्ठ विनोदाचे उदाहरण होय. चेटकीण असली तरी ती प्रथम सासू आहे, हे प्रेक्षकाला तत्काळ पटते. शब्दनिष्ठ विनोद या पुस्तकांच्या नावांतच सापडतो. 'सेकंडहँड स्पिरिट्स' या नावातील 'स्पिरिट' म्हणजे आत्मा. आणि 'सेकंडहँड' म्हणजे एकदा वापरलेले, जुन्या बाजारातील. वापरलेले आत्मे विकणारे दुकान, ही कल्पनाच गमतीची आहे.

भीतीचे हसूत रूपांतर करण्याची ही युक्ती मराठी रंगभूमीलाही परकी नाही. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण मुलांना भिववण्यापेक्षा हसवते अधिक. २०१८ साली हे नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा नव्या पिढीच्या मुलांनीही तिला तेवढीच दाद दिली. ज्याला हसता येते, त्याची भीती उरत नाही, हा अनुभव मुलांना नाट्यगृहात मिळतो. मोठ्यांना तो या कादंबऱ्यांत मिळतो.

पाठगत प्रश्न १८.२

रिकाम्या जागा भरा.
१. 'बीविच्ड' मालिकेतील नायिकेचे नाव ............ आहे.
२. भयंकर गोष्ट अचानक घरगुती होते, तेव्हा ............ विनोद साधतो.
३. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्याचे लेखक ............ आहेत.

भाग ३ : जादू असूनही पुरावा का हवा?

येथे एक अडचण उभी राहते. नायिका चेटकीण असेल, तर तिने मंत्र म्हणावा आणि खुनी ओळखावा. मग तीनशे पानांची कादंबरी हवी कशाला?

रहस्यकथेने या अडचणीचा विचार फार पूर्वी केला होता. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले. त्यांतील दुसरा नियम असा, की रहस्याच्या उकलीत दैवी किंवा अलौकिक शक्तीला स्थान नसावे. कारण उघड आहे. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील डाव असतो. धागेदोरे दोघांच्याही समोर हवेत. ऐनवेळी मंत्राने उत्तर मिळाले, तर तो डाव राहत नाही.

चेटकिणीच्या रहस्यकथांनी हा नियम वरवर मोडला. परंतु त्याचा गाभा सांभाळला. या कथांतील जादू बहुधा अर्धवट चालते. मंत्र चुकतो, भलतेच काहीतरी घडते आणि हशा पिकतो. जादूने फार तर सूचना मिळते; सिद्धता मिळत नाही. जुन्या कोटाला हात लावताच कोणीतरी घाबरले होते एवढे लिलीला जाणवेल. पण कोण, कोणाला, कशासाठी, हे तिला चार घरी जाऊन विचारूनच समजून घ्यावे लागते. पोलीस अधिकाऱ्यासमोर 'मला तसे जाणवले' असे म्हणून भागत नाही. तेथे वेळ, ठिकाण, हेतू आणि वस्तू दाखवावी लागते. थोडक्यात, या कथेतील चेटकिणीला अलौकिक शक्ती असते, तरीही तिला पुराव्याची वाट चालावी लागते. शहानिशा केल्यावाचून ती कोणावर बोट ठेवू शकत नाही.

या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी इतिहासातील एका न्यायालयात डोकावावे लागेल.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स ही त्या वेळी इंग्रजांची वसाहत होती. १६९२ साली तेथील सेलम या गावात काही मुलींना झटके येऊ लागले. त्याचे खापर चेटकावर फोडण्यात आले आणि एकामागून एक माणसांना पकडण्यात आले. प्रथम ज्यांच्यावर आरोप झाले, त्यांत दारोदार मदत मागणारी सारा गुड ही गरीब स्त्री होती. वर्ष सरण्यापूर्वी १९ जणांना फाशी देण्यात आले. त्यांत १४ स्त्रिया होत्या. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयाची कारवाई मान्य करण्याचे नाकारले, म्हणून त्याला दगडांच्या भाराखाली चिरडून मारण्यात आले. याखेरीज काही जण तुरुंगात मरण पावले.

या न्यायालयाने कोणता पुरावा ग्राह्य मानला? आरोप करणारी व्यक्ती सांगे, की आरोपीची छाया आपल्याकडे आली आणि तिने आपल्याला चिमटे काढले. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी असली, तरी ती सुटत नसे. कारण आली होती ती तिची छाया. अशा पुराव्याला उत्तर कसे देणार? जे फक्त आरोप करणाऱ्यालाच दिसते, ते खोटे ठरवण्याचा मार्गच नसतो.

रिबेका नर्स या ७१ वर्षांच्या, गावात मान असलेल्या स्त्रीची हकीकत या संदर्भात चटका लावणारी आहे. पंचांनी प्रथम तिला निर्दोष ठरवले. तो निर्णय ऐकताच आरोप करणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि पंचांना फेरविचार करण्यास सुचवण्यात आले. त्यांनी रिबेकाला तिच्याच एका उद्गाराचा अर्थ विचारला. तिला कमी ऐकू येत असे आणि ती दुःखाने खचलेली होती. तिने उत्तर दिले नाही. तिचे मौन हाच अपराधाचा पुरावा मानला गेला. १९ जुलै १६९२ रोजी तिला फाशी देण्यात आले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये राज्यपाल विल्यम फिप्स यांनी ते विशेष न्यायालय बरखास्त केले. १६९३ साली भरलेल्या नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा अमान्य केला आणि बहुतेक आरोपी सुटले. आरोप तेच होते, आरोप करणारेही त्याच गावचे होते. केवळ पुराव्याचा नियम बदलला आणि माणसे वाचली.

आता मिस मार्पलचे वर्णन पुन्हा आठवा. वृद्ध, एकटी, सर्वांची खबर ठेवणारी स्त्री. चेटकाचे आरोप झेलणाऱ्यांत अशा स्त्रियांची संख्या मोठी असे. उबदार रहस्यकथेने अशाच स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले आणि शोधकर्तीच्या जागी बसवले. चेटकिणीच्या रहस्यकथा त्याही पुढे गेल्या. त्यांनी तिला चेटकीण हेच नाव देऊन गावासमोर उभे केले. गाव तिच्याकडे संशयाने पाहते, आणि ती मात्र गावाकडे पुरावा मागते. चेटकिणीच्या शिकारीत निकाल आधी लागतो आणि पुरावा नंतर गोळा होतो. रहस्यकथेत पुरावा आधी येतो आणि निकाल शेवटच्या प्रकरणात. या कथा वाचताना वाचकाला जे समाधान लाभते, त्याचे एक मोठे कारण हा उलटलेला क्रम होय. उबेचा उगम चहाच्या कपात किंवा मांजरीच्या घुरघुरण्यात नाही. निरपराध व्यक्ती सुटणार, या खात्रीत तो आहे.

पाठगत प्रश्न १८.३

चूक की बरोबर ते लिहा.
१. नॉक्स यांच्या नियमानुसार रहस्याच्या उकलीत अलौकिक शक्तीला स्थान असावे.
२. रिबेका नर्स यांना पंचांनी प्रथम निर्दोष ठरवले होते.
३. नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा मान्य केला.

भाग ४ : हसावे की हसू नये?

२००५ साली सेलम शहरात 'बीविच्ड'मधील समँथाचा पुतळा उभारण्यात आला. मालिकेच्या काही भागांचे चित्रीकरण १९७० साली याच शहरात झाले होते. पर्यटक आनंदले, परंतु काही नागरिकांनी हरकत घेतली. जेथे निरपराध माणसे मारली गेली, तेथे हसरी चेटकीण बसवणे म्हणजे त्यांच्या मरणाची थट्टा होय, असे त्यांचे म्हणणे होते. याच शहरात १९९२ साली, त्या घटनेला ३०० वर्षे झाली तेव्हा, बळी गेलेल्यांचे स्मारक उभारले आहे. तेथे दगडी बाकांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. एकाच गावात पुतळाही आहे आणि स्मारकही आहे.

हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही, विशेषतः भारतीय वाचकाला. इंग्रजी वाचकासाठी चेटकिणीचा छळ हा बहुतांशी इतिहास आहे. आपल्याकडे तो वर्तमान आहे. झारखंड-बिहारमध्ये 'डायन', छत्तीसगडमध्ये 'टोनही', आपल्या सातपुड्याच्या परिसरात 'डाकीण' असे शब्द एखाद्या स्त्रीला चिकटवले जातात. घरात कोणी आजारी पडले, गुरे दगावली, पीक बुडाले, की बोट तिच्याकडे वळते. अनेकदा त्यामागे विधवेची जमीन बळकावण्याचा हेतू असतो. मग तिला वाळीत टाकणे, मारहाण करणे, प्रसंगी जिवे मारणे घडते. या प्रथेविरुद्ध बिहारने १९९९ साली, झारखंडने २००१ साली, छत्तीसगडने २००५ साली, ओडिशाने २०१३ साली आणि राजस्थानने २०१५ साली कायदे केले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली अस्तित्वात आला. त्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली.

हे वास्तव ठाऊक असताना चेटकिणीच्या विनोदी कथा वाचाव्यात का? या प्रश्नाचे उत्तर विनोद कोणावर आहे, यावर अवलंबून आहे. एकट्या, दुबळ्या स्त्रीच्या रूपाची, वयाची किंवा दारिद्र्याची टिंगल करून हसू निर्माण केले असेल, तर तो विनोद त्या छळाच्याच बाजूला जाऊन उभा राहतो. चांगल्या उबदार रहस्यकथेतील विनोदाचे लक्ष्य निराळे असते. तेथे हसू येते ते गावाच्या कानगोष्टींचे, घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांचे, स्वतःला शहाणे समजणाऱ्या अधिकाऱ्यांचे, आणि मंत्र विसरणाऱ्या नायिकेचेही. अशा हसण्याने भीती सैल होते. भीती सैल झाली, की माणूस विचारू लागतो, 'पण हे कोणी पाहिले?'

तथापि, या कथांची मर्यादाही ओळखली पाहिजे. कथेतील चेटकिणीजवळ खरोखरच जादू असते. गावात डाकीण ठरवलेल्या स्त्रीजवळ ती नसते. कथेत सत्य शेवटच्या प्रकरणात आपोआप उजेडात येते. गावात त्यासाठी कोणाला तरी उभे राहावे लागते. कादंबरी वाचून चेटूक खरे असते, असा समज कोणी करून घेतला, तर त्याने कथेतील जादू घेतली आणि तिच्यातील पुराव्याचा आग्रह मात्र सोडला.

झारखंडमधील छुटनी देवी यांचे जीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९९५ साली त्यांना गावाने डायन ठरवले. त्यांना मारहाण झाली, घर सोडावे लागले. पुढे त्यांनी स्वतःसारख्याच आरोपांखाली भरडल्या जाणाऱ्या स्त्रियांना आधार देण्याचे काम हाती घेतले. कोठे एखादीला डायन म्हटले जात आहे असे कळले, की त्या धावून जाऊ लागल्या. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री पुरस्कार दिला. आसाममध्ये हेच कार्य करणाऱ्या बिरुबाला राभा यांनाही त्याच वर्षी पद्मश्री मिळाला. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

सेलमच्या प्रकरणाचा शेवटचा धागाही अलीकडेच जुळला. एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीला १६९३ साली मृत्युदंड सांगितला गेला होता. तो अमलात आला नाही. पण तिच्या नावावरील दोष कागदोपत्री तसाच राहिला. मॅसॅच्युसेट्समधील आठवीच्या विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून हे प्रकरण हाती घेतले, जुनी कागदपत्रे तपासली आणि लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला. २०२२ साली कायद्याने तिला दोषमुक्त करण्यात आले. त्या वर्गात कोणाजवळही जादू नव्हती.

१८.४ शब्दार्थ

भोचक – नको तेथे लक्ष घालणारा
मनोनिग्रह – मनावरील ताबा
स्पंदन – सूक्ष्म कंप
उद्बोधक – ज्ञान देणारे
अलौकिक – या जगातील नसलेले, दैवी
सिद्धता – एखादी गोष्ट खरी असल्याची पूर्ण खात्री
ग्राह्य – स्वीकारण्याजोगे
बरखास्त करणे – मोडून टाकणे, बंद करणे
तथापि – तरीसुद्धा

१८.५ भाषा-अभ्यास

(अ) वाक्प्रचार व अर्थ
१. सोक्षमोक्ष लागणे – कायमचा निकाल लागणे
२. शंकेची पाल चुकचुकणे – मनात संशय येणे
३. खापर फोडणे – दोष दुसऱ्यावर टाकणे
४. शहानिशा करणे – खरेखोटे तपासणे
५. वाळीत टाकणे – समाजातून बहिष्कृत करणे
६. पाण्यात पाहणे – द्वेष करणे

(आ) '-ईण' हा प्रत्यय
वाघ – वाघीण, मालक – मालकीण, सुतार – सुतारीण या जोड्यांत '-ईण' प्रत्ययाने स्त्रीलिंगी रूप होते. 'चेटक्या – चेटकीण' ही जोडीही तशीच आहे. परंतु 'चेटक्या' हा शब्द तुम्ही किती वेळा ऐकला आहे? बहुतेक वेळा स्त्रीलिंगी रूप मूळ पुल्लिंगी शब्दापेक्षा कमी वापरात असते. येथे मात्र उलट घडले आहे. समाजाने आरोप कोणावर अधिक केले, याची खूण अशा रीतीने भाषेत राहून जाते.

१८.६ तुम्ही काय शिकलात?

• उबदार रहस्यकथेत लहान गाव, सामान्य शोधकर्ती, पडद्याआडचा गुन्हा आणि समाधानकारक उकल असते.
• चेटकिणीच्या रहस्यकथांत भयंकर आणि घरगुती यांच्या संयोगातून विनोद निर्माण होतो.
• नायिकेजवळ जादू असली, तरी गुन्हा सिद्ध करण्यासाठी तिला पुरावाच शोधावा लागतो.
• चेटकिणीच्या शिकारीत निकाल आधी आणि पुरावा नंतर येतो. रहस्यकथा हा क्रम उलटा करते.
• विनोद कोणावर केला आहे, यावरून त्याची योग्यता ठरते.

१८.७ पाठान्त प्रश्न

१. उबदार रहस्यकथेची वैशिष्ट्ये तुमच्या शब्दांत लिहा.
२. विनोदाचे तीन प्रकार पाठातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. 'छायेचा पुरावा' म्हणजे काय? त्याला उत्तर देणे अशक्य का होते?
४. 'आरोप तेच होते. केवळ पुराव्याचा नियम बदलला आणि माणसे वाचली.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
५. सेलममधील पुतळ्याविषयी तुमचे मत सकारण लिहा.
६. कथेतील चेटकीण आणि समाजात डाकीण ठरवलेली स्त्री यांतील भेद सांगा.
७. पाठात आलेल्या कोणत्याही चार वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
८. उपक्रम : तुमच्या परिसरात ऐकलेली एखादी अफवा आठवा. ती कोणी पाहिली होती, कोणी फक्त ऐकली होती आणि तिचा पुरावा काय होता, यांची नोंद करून दहा ओळी लिहा. अफवेतील व्यक्तीचे नाव लिहू नका.

१८.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१८.१ : १. (ख) सामान्य स्त्री. २. (ग) सेंट मेरी मीड. ३. अन्याय घडला तरी त्याचा सोक्षमोक्ष लागतो, असे जग वाचकाला हवे असते, म्हणून तो ही कथा वाचतो.
१८.२ : १. समँथा. २. प्रसंगनिष्ठ. ३. रत्नाकर मतकरी.
१८.३ : १. चूक. २. बरोबर. ३. चूक.